पुस्तकाआडचे ओठ

“पुस्तक तोंडासमोर धर,” मास्तर म्हणाले. “फोनवर काय तुझे ओठ दिसणार आहेत त्यांना?”

सूनबाईने पुस्तक नाकापर्यंत वर घेतलं. इस्पितळाच्या चौकशी-खिडकीवरच्या नोकरीसाठी उद्या तिची फोनवर मुलाखत होती, इंग्रजीतून. सासरेच निवृत्त इंग्रजी मास्तर, त्यामुळे शिकवणी घरातच. सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या तोंड झाकून म्हणायच्या, ही त्यांची जुनी शिस्त. अख्खी शाळा या शिस्तीला टरकून असायची.

“व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर, वेट म्हणजे ओलं,” मास्तर म्हणाले. “म्हण.”

पुस्तकाआडून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं.

“छान. अगदी बरोबर.”

पुन्हा पुटपुट झाली. “वा!” मास्तर म्हणाले.

तिने पुस्तक खाली घेतलं. “बाबा, खरंच जमतंय ना मला? या नोकरीवर फार आशा लावून बसलेय मी.”

तिचा चेहरा फुलला होता. मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

“आता पुस्तक वर घेऊ नकोस.”

“अहो, पण तुमची शिस्त...”

“खड्ड्यात गेली शिस्त! मला ऐकू येत नाही, पोरी. ओठ बघून निभावतो. तोंड झाकलंस की नुसतं बरोबर-बरोबर म्हणत सुटतो.”

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. मग तिने दिवा लावला, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि म्हणाली, “व्हेट. वेट.”

“दोन्हीला ओठांचा चंबूच केलास. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकव.”

“व्हेट.”

“हां, आत्ता दिसलं!” मास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले. तिच्याकडून तो शब्द त्यांनी दहादा घोटून घेतला. मग हळूच म्हणाले, “तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस हं. घर डोक्यावर घेईल.”

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. त्यांच्याकडे पाठ फिरवून, वाकून बूट काढता काढता त्याने काहीतरी विचारलं. मास्तरांनी त्याच्या पाठीकडे बघितलं, मग सुनेकडे.

तिने आवाज न काढता, सावकाश, एकेक अक्षर ओठांवर ठेवलं: औषध घेतलंत का?

“घेतलं रे,” मास्तर म्हणाले.