सगळे एकदम

या इमारतीचे इंजिनिअर माझेच बाबा. तिसऱ्या मजल्यावरच्या सामाईक गॅलरीत शेजाऱ्यांनी कुंड्या मांडल्या, फरशीवर फरशी चढवली, कठड्याला टेकून पाण्याचं पिंप ठेवलं, तेव्हा बाबा एकेकाशी भांडले. "सुटं सुटं ओझं झेपेल तिला. बेरीज कोण करणार?" शेजारी हसायचे. "काका, सगळे एकदम कशाला येतील इथे?" आज बाबांचा देह खाली अंगणात, गॅलरीच्या कठड्याखालीच ठेवला आणि अख्खी इमारत निरोपाला त्या गॅलरीत लोटली. मी बाबांच्या उशाशी बसले होते. त्यांच्या कपाळावर पाण्याचा थेंब पडला. मग धारच लागली. मी वर पाहिलं. काठोकाठ भरलेलं पिंप एकाच बाजूने सांडत होतं. त्याला कुणाचा हातही लागला नव्हता. "मागे व्हा! आत जा सगळे!" मी किंचाळले. "अगंबाई, पोरीचा बांध फुटला," वरून कुणीतरी कळवळलं. तसे घरांत उरलेलेही धावत गॅलरीत आले.