पंख्याखालची पाटी

केरबा पाटलांनी विमानाच्या पंख्याच्या पात्यावर हात ठेवला आणि तो काही काढला नाही. पंखा ट्रॉलीत चढला होता, दोर आवळले होते, ट्रॅक्टर सुरू होता. अडलं होतं ते पंख्याखाली लावायच्या पाटीवरच्या एका ओळीवर.

"पाटीवर आमच्या आण्णांचं नाव पायजे," पाटील म्हणाले. "विमानातल्या गोऱ्याला आण्णांनी सवताच्या खांद्यावरनं जंगलातनं खाली आणलं आन् माती दिली. एवढं लिवणार असला तर न्ह्या. न्हायतर पंखा उतरवा."

नागसेन कोल्हापूरच्या एका संग्रहालयातून आला होता. महायुद्धात, चव्वेचाळीसच्या थंडीत, गडहिंग्लजच्या पुढच्या डोंगरात इंग्रजांचं एक विमान धुक्यात कड्यावर आदळलं. साठ वर्षांनी ते आणून मांडावं, असं संग्रहालयाच्या मनात आलं. तोवर गावानं आपल्या परीनं ते मांडून टाकलं होतं. पत्र्याच्या पराती झाल्या होत्या, शेपूट कोंबड्यांच्या खुराड्यावर गेलं होतं, आणि पंखा पाटलांच्या परड्यात उभा होता. त्याला वासरू बांधत. राहिलेलं इंजिन नागसेननं दरीतल्या कारवीतून माणसं लावून वर काढलं होतं. पण त्याच्या साहेबांनी निघतानाच बजावलं होतं, पंख्याशिवाय आलास तर लोक विचारतील हे कुठल्या गिरणीचं इंजिन.

पाटील माणूस दिलदार. नागसेन हे नाव ऐकल्यावर आडनाव विचारायची गरज उरली नव्हती, तरी त्यांनी ते विचारलं. आणि मग आठवडाभर त्याला आपल्याच सोप्यात उतरवून घेतलं, भाकरीवर लोणी घातलं. भाकरीबरोबर रोज आपल्या वडलांची, आण्णांची गोष्टही वाढली. पहिल्या दिवशीच्या गोष्टीत मढं उचलायला आण्णांबरोबर चार गडी होते. मग दोन झाले. कालच्या जेवणाला आण्णा एकटेच उरले.

मधल्या एका दुपारी नागसेन खालच्या बौद्ध वस्तीत शेवंताबाईकडं बसून आला होता. विमान पडलं तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली पोर. तिच्या सांगण्यात फिरवाफिरव नव्हती. मेलेलं ढोर ओढायचं, बेवारस मढं उचलायचं, हे काम तेव्हा गावानं तिच्याच वस्तीच्या अंगावर टाकलेलं. पाळी तिच्या सासऱ्याची, सिदूची होती. त्यानं त्या गोऱ्याला आपल्या घोंगड्यात गुंडाळून खाली आणलं, खड्डा काढला, घोंगडंही त्याच्याबरोबरच पुरलं आणि उरलेली थंडी पोतं पांघरून काढली. तिथं आण्णा पाटील नव्हते का, असं नागसेननं विचारलं होतं. होते की, ती म्हणाली. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, नाकाला उपरणं लावून उभे होते आणि हळू ने, हळू ने म्हणून सांगत होते. घरी जाऊन त्यांनी अंघोळही केली म्हणे.

छप्पन साली बौद्ध झाल्यावर ते काम वस्तीनं गावापुढं टाकून दिलं. ते उचलायला कुणी पुढं आलं नव्हतं.

आता हो म्हणून टाकायचं आणि कोल्हापुरात जाऊन पाटीवर हवं ते लिहायचं, हेही नागसेनच्या मनात येऊन गेलं. साहेबांनी तेच केलं असतं. त्याला जमेना. त्याच्या आज्यानंही दुसऱ्या एका गावची अशी मढी उचलली होती.

"शेवंताबाईंना विचारू," तो म्हणाला. "त्या हो म्हणाल्या तर लिहितो. नाही म्हणाल्या तर पंखा तुमचा."

ट्रॅक्टर बंद झाला. माणूस धाडून म्हातारीला बोलावून आणलं. ती काठी टेकत आली, तोवर निम्मं गाव ट्रॉलीभोवती जमलं होतं. तिला बघून नागसेनला आपलीच लाज वाटली. तो संध्याकाळी कोल्हापुरात असणार होता. तिला ह्याच गावात राहायचं होतं.

पाटलांनी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं. काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मढं तुमच्या आण्णांनी उचललं म्हणता?"

"व्हय."

"सवताच्या खांद्यावर?"

"सवताच्या."

"आन् खड्डा बी त्येनीच काडला?"

"त्येनीच की, शेवंताआक्का," पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गावात दुसरं कोण पुढं झालं हुतं?"

म्हातारीनं जमलेल्या माणसांकडं एकवार बघून घेतलं. मग ती नागसेनकडं वळली.

"लिव की, लेकरा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिव. आमचं काम एकदा तरी पाटलानं केलं, असं कुठंतरी लिवल्यालं असू दे."