इस्माईलचं दिवाळं

बँकेच्या कागदांत इस्माईल सरगुरोहचं दिवाळं निघालं होतं. खरं निघालं होतं त्याच नावाच्या एका कापडवाल्याचं; हा बापडा इस्पितळात एक्स-रे काढणारा. बायकोच्या, कुबराच्या, इकडे येण्याच्या व्हिसाची मुदत आठ दिवसांत संपणार आणि कर्जाशिवाय तिच्यासाठी अब्बासिया वस्तीत फ्लॅट मिळेना. बँकेतल्या सातव्या खेपेला तो मॅनेजरवर उखडला, "सामंतसाहेब, मी रोज शंभर माणसांची हाडं तपासतो, तुम्हाला एक फाईल तपासवत नाही?"

"असेलही चूक. पण दुरुस्तीला सहा महिने लागतात हो. जामीनदार आणा, कर्ज आजच देतो."

"या परमुलखात मला कोण जामीन राहणार?"

साहेबांनी कपाटातून दुसरी फाईल काढली. "हे बघा, तुमच्याच नावाचे आहेत. कापडाचे व्यापारी. रेकॉर्ड अगदी स्वच्छ!"