सोबतीण

मेंढीचं रक्त नळीत उभं ठेवलं, तर तासाभरानेही वर जेमतेम एक मिलिमीटर पिवळं पाणी सुटतं. माणसाचं लवकर बसतं. मेरिअनला हे ठाऊक होतं, तरी नळी फिरवायच्या यंत्रात न घालता ती नुसती बघत राहिली.

"बघितल्याने लवकर बसणार आहे का ते?" डार्सीने चहाचा मग तिच्यापुढे ठेवला. मेंढ्यांची सगळी देखभाल त्याच्याकडे होती. "तिसरा आठवडा चाललाय, मेरिअन. माझ्या बायकोने लग्नाला हो म्हणायलासुद्धा एवढा वेळ नव्हता लावला."

मेंदू मेला की रक्त बदलत जातं, आणि दुसऱ्याला द्यायचं हृदय त्यात खराब होतं. कितव्या तासापासून, हे मेरिअन भूल दिलेल्या मेंढ्यांवर तपासत होती. त्यासाठी आधीचं रक्त शांत हवं, आणि एकट्या मेंढीचं रक्त शांत नसतं. म्हणून डोरीन, सोबतीची मेंढी. प्रत्येक मेंढीजवळ ती चार दिवस राहायची. पाचव्या दिवशी शेजारीण जायची, नवी यायची. बाकीच्यांना नंबर होते. नाव हिला एकटीलाच.

परवानगी एकवीस मेंढ्यांची होती: वीस प्रयोगाला, एक सोबतीला. मधेच एक न्यूमोनियाने गेली. एकोणीस झाल्या. विसावी म्हणून आता डोरीनच उरली होती.

मेरिअनने कागद पुढे सरकवला. "ताणाचा आकडा चौपट आलाय. तिन्ही आठवडे."

"एकटी आहे ती."

"तुझ्या शेतावरची एखादी आणशील? चारच दिवस. नुसती सोबतीला."

"आणतो की." डार्सीने आपल्या चहाचा घोट घेतला. "डोरीनलाही आपण नुसतं सोबतीलाच आणलं होतं."

मेरिअनने कागद परत ओढला. "विसाचा शब्द दिलाय मी. एकोणिसावर कुणी बोट ठेवलं, तर वर्ष जाईल पुन्हा सगळं करण्यात. ब्रिस्बेनला हृदयाची वाट बघत माणसं पडलीयेत, डार्सी."

"ठेवतील बोट?"

"ठेवतीलही."

डार्सी खिडकीशी गेला.

खिडकीबाहेर कुंपणात डोरीन जाळीला अंग लावून उभी होती. बाकीची जागा तिने मोकळी सोडली होती. सकाळी टाकलेलं गवत तिने अर्धंच खाल्लं होतं, आपल्या बाजूचं. पलीकडचं तसंच होतं.

मेरिअनने नळी उचलली, उजेडात एकदा धरली आणि टाकायच्या डब्यात सोडली.

"एकोणीसच," ती म्हणाली. "ट्रेलर जोड. आणि थांब, मीही येते. तुझ्या शेतापर्यंत एकटी नको जायला ती."