कापलेली चार मिनिटं

"ब्याऐंशी मिनिटांची फिल्म अठ्ठ्याहत्तर मिनिटांत कशी संपली, सर?"

मैथिलीनं हे विचारलं तेव्हा नृसिंह सर प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. हात थांबला, पण मान वर झाली नाही. फिल्म सोसायटीचे प्रेक्षक चहा पिऊन केव्हाच पांगले होते.

फिल्म होती ऑस्ट्रेलियातली, तिकडच्या लोकांनीही धड न पाहिलेली. वाळवंटातल्या दोनशे वस्तीच्या एका गावावरची डॉक्युमेंटरी. असल्या आडबाजूच्या फिल्म हुडकायच्या, दिग्दर्शकाला पत्र लिहून मागवायच्या आणि मराठी सबटायटल्स घालून कोल्हापूरकरांना दाखवायच्या, हा सरांचा तीस वर्षांचा नाद. सबटायटल्स मैथिली करायची. या खेपेला मात्र सरांनी ती स्वतःच केली होती.

"चार मिनिटं मी कापली," सर म्हणाले.

"तुम्ही? सेन्सॉरच्या नावानं बोटं मोडणारे तुम्ही?"

"एवढं ऐक माझं. याबद्दल कुणाशी बोलू नकोस. तुझ्या घरमालकांशी तर मुळीच नको."

सरांच्या आवाजात भीती होती.

घरमालक म्हणजे हंबीरराव. मूळचे हातकणंगल्याचे. राजारामपुरीतल्या त्यांच्या घराची वरची खोली मैथिलीनं भाड्यानं घेतली होती. खाली बैठकीत त्यांच्या मुलीचा, स्वप्नालीचा, फोटो होता. सहा वर्षांपूर्वी तिनं घरच्यांचं न ऐकता आदर्शशी लग्न केलं. महिन्याभरात आदर्शचं प्रेत मोटरसायकलीसकट कालव्यात मिळालं. स्वप्नाली मिळालीच नाही.

लोक म्हणाले, वाहून गेली असणार. हंबीररावांनी मात्र फोटोला हार घालू दिला नाही. पेपरात जाहिराती दिल्या, गोव्यापासून हैदराबादपर्यंत माणसं धाडली. थोरला यशराज तर कामधंदा सोडून महिनोन्‌महिने बहिणीला शोधत हिंडला. त्या बापाकडे पाहिलं की मैथिलीला गलबलून यायचं.

आणि स्वप्नाली शेवटची दिसली होती ती नृसिंह सरांच्या दारात. सरांची लाडकी विद्यार्थिनी ती. पोलिसांनी सरांना दोनदा बोलावलं, पण त्यातून काही निघालं नाही.

दोन दिवस मैथिलीला अन्न गोड लागेना. सिनेमा कसा पाहायचा हे तिला सरांनीच शिकवलेलं. हा माणूस काय लपवत असेल? शेवटी तिनं दिग्दर्शकाला मेल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी फिल्म आली. एकटीनं पाहायचा धीर होईना, तशी ती लॅपटॉप घेऊन तडक खाली गेली.

"काका, सरांनी यातली चार मिनिटं कापलीत. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले."

हंबीररावांनी चहाचा कप खाली ठेवला. "मास्तर असं म्हणाला? लाव की मग. बघू."

एकसष्टाव्या मिनिटाला एक बेकरी दिसली. भट्टीतून पाव काढणारी एक बाई. केस कानापर्यंत कापलेले, कोपरापर्यंत पीठ. गावात कशी रुळले ते ती इंग्रजीत सांगत होती. मध्येच पाच वर्षांचं एक पोर येऊन पावाला हात घालू लागलं, तशी ती त्याच्याकडे वळली.

"आधी हात धू बघू," ती मराठीत म्हणाली.

मैथिलीनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. "काका! स्वप्नाली! जिवंत आहे हो!"

चष्मा काढून हंबीररावांनी डोळे पुसले.

"थांबीव तितं," ते म्हणाले. "माघं पाटी दिसतीया, गावाचं नाव हाय न्हवं? वाच की जरा."

मैथिलीनं हुंदके आवरत नाव वाचलं, एकेक अक्षर सांगितलं. हंबीररावांनी ते पेपरच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं. इतकी वर्षं सरांनी या बापाला तडफडत ठेवलं! तिला सरांचा भयंकर संताप आला.

"सरांना मी चांगला जाब विचारणार आहे, काका."

"ऱ्हाऊ दे. त्याचं बगू आमी. तुझं लई उपकार झालं, पोरी." त्यांनी मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं मुलाला फोन लावला.

"यशराज, घावली. व्हय, जिती हाय, एक पोरगं बी हाय. आन हे बघ, मागल्या बारीगत अर्धं काम करून येऊ नगंस."