समोरचं गिऱ्हाईक

बाजारातली निम्मी दुकानं कायमची बंद झाली होती, उरलेले दुकानदार माश्या मारत बसायचे. फक्त समोरच्या बूटवाल्याकडे एक बाई रोज यायची आणि दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन बाहेर पडायची. रेडीमेडवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. एका बाईला रोज इतके बूट लागतात कशाला?

आज तो मुद्दाम तिच्या वाटेत उभा राहिला. "काय ताई, सेल लागलाय का?"

"छे हो, माल चांगलाय," म्हणत ती दोन्ही पिशव्या एका करंगळीला अडकवून झपझप निघून गेली.

तो दुकानात परतला. तासाभराने आत त्याची बायको तोंडाला स्कार्फ बांधून पिशवीत शर्टांची रिकामी खोकी भरत होती.



"अगं," तो म्हणाला, "बाहेर पडताना पिशवी जरा जड असल्यासारखी धर."