ओंजळीचं चिन्ह

वृंदा सबनीसने पदर नाकाशी धरून पोत्यात डोकावलं. बार्लीत अळ्या वळवळत होत्या.

"हे आजचं दळण," दिगंबर राजवाडे म्हणाले आणि पुढच्या पोत्याकडे वळले.

कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या त्या कारखान्यात तान्ह्या मुलांसाठी बार्लीची पूड तयार होई. मालक होते दिगंबररावांचे थोरले बंधू. रोजचं कामकाज दिगंबरराव बघत. डब्यासाठी नवं रूप हवं होतं, म्हणून त्यांनी धरमतल्याच्या जाहिरात कंपनीला गाठलं होतं. कंपनीने वृंदाला पाठवलं. दिगंबररावांची अट एकच होती. चित्र काढणाऱ्याने आधी कारखाना बघायचा.

त्यांनी काहीही झाकलं नाही. चाळणीत अडकलेल्या उंदरांच्या लेंड्या दाखवल्या. बार्लीत मिसळायची खडूची पोती दाखवली. हौदात उतरून पायांनी पीठ कालवणारा माणूस दाखवला. त्याच्या पोटऱ्यांवर खरूज होती, आणि तो मधूनच वाकून ती खाजवत होता.

वृंदा बाहेर धावली. नळापाशी तिला भडभडून ओकारी आली.

दिगंबररावांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. "सगळं नीट बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग आता पुढचं तुम्ही ठरवा."

सियालदाहच्या गाडीत तिला स्वतःच्या साडीला तो आंबूस वास येत राहिला. पण अळ्यांपेक्षाही तिला त्या दाखवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची जास्त किळस आली होती. लाज नाही, ओशाळलेपण नाही. भाडेकरूला जागा दाखवावी तसा तो सगळं दाखवत फिरला होता. घरी आईने साडी दोनदा धुतली, तरी वृंदाने ती पुन्हा नेसली नाही.

तिने कंपनीचे प्रमुख सान्यालबाबूंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आपण डबा रंगवतो, आतला माल ज्याचा तो बघेल, असं म्हणाले. मग त्यांनी आठवण करून दिली की डब्यापासून मालमोटारीपर्यंत सगळं रूप एकटीने ठरवायचं, असं काम तिला प्रथमच मिळत होतं. ते साधलं तर चित्रविभाग तिच्या हाती येणार होता. अकरा वर्षं ती दुसऱ्यांच्या चित्रांच्या चौकटी आखत आली होती.

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने फळीवर कागद ताणून बसवला.

सहा आठवडे ती राबली. आईची ओंजळ, आणि त्या ओंजळीत विसावलेली बाळाची मूठ. चारच रेषा. अक्षर वाचता न येणाऱ्या बाईनेही दुकानात बोट दाखवून मागावं, असं चिन्ह. दुधाचा पांढरा, त्यावर निळा. डब्यावर, कागदपत्रांवर, दुकानाच्या पाटीवर तीच ओंजळ, तोच निळा, तीच गोल अक्षरं. कुठूनही बघितलं तरी विश्वास वाटावा. इतकं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं, हे तिला कळत होतं. आणि जसजसं ते देखणं होत गेलं, तसतशी दिगंबररावांबद्दलची तिची शिसारी वाढत गेली. असल्या माणसाला हे द्यायचं. काम हातावेगळं केलं की त्याला तोंडावर सुनवायचं, असं तिने ठरवलं.

दिगंबरराव बागबाजारला राहत. त्यांच्या बैठकीत तिने एकेक कागद मांडला. पांढरा का, निळा का, ओंजळ का, सगळं नीट समजावलं. ते बराच वेळ चिन्हाकडे बघत राहिले.

"पसंत आहे?" तिने विचारलं.

"फार सुंदर आहे."

मग तिला राहवलं नाही. "दिगंबरराव, एक बोलते. तान्ही मुलं खातात ते. तुमच्या जागी मी असते, तर मला घास गिळवला नसता."

"मलाही गिळवत नाही, बाई."

ते रागावले नाहीत. खालच्या आवाजात सांगत राहिले. अन्नतपासणीच्या कचेरीत ते स्वतः दोनदा तक्रार घेऊन गेले होते. दोन्ही वेळा तिथल्या साहेबाने हसून परत पाठवलं होतं. भावाभावांचं भांडण आहे, इस्टेटीसाठी चाललंय, म्हणून. डोळ्यांनी बघितलेला, घराबाहेरचा कुणी शहाणासुरता माणूस लेखी देईल तर बघू, असं तो म्हणाला होता. तेव्हापासून ते बाहेरच्या माणसांना कारखाना दाखवत होते. चित्राचं निमित्त बरं पडे. दादांना संशय येत नसे. कुणी लेखी न देता चित्रंच आणून दिली, की दादांना पसंत पडली नाहीत असं त्याला सांगायचं, आणि पुढच्याला बोलवायचं.



दिगंबररावांनी उठून भिंतीतलं कपाट उघडलं. आत आधीच्या चित्रकारांच्या, दोरीने बांधलेल्या चार गुंडाळ्या होत्या. त्यांनी तिचे कागद जपून गुंडाळले आणि त्या चारींच्या शेजारी ठेवले.

"तुमचं या सगळ्यांत सुंदर आहे," ते म्हणाले.